निमित्त नसताना मित्राला फोन करता का?

निळी_शाई (पुणे)

सांगलीच्या हॉस्टेलवरच्या आम्हा मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी फुलं, गणपती आणि सुविचार येतात, मग दिवसभरात बातम्या. कोणाची बदली झाली, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोण मुलाकडे टोरांटोला गेली, सगळं कळतं. आणि तरी त्यातल्या बहुतेकींचा आवाज ऐकून कित्येक वर्षं झालीत.

फोन मागे पडण्याची कारणं सांगताना लोक 'वेळ नाही' म्हणतात. ते काही मला पटत नाही, रील बघायला सगळ्यांना वेळ असतो. मला वाटतं गोम वेगळीच आहे. पूर्वी फोन करायला निमित्त असायचं, आणि ते निमित्त म्हणजे बहुतेक वेळा बातमी. मुलीचं ठरलं का, निकाल काय लागला, आईला घरी सोडलं का. आता बातमी फोनच्या आधीच पोचलेली असते. मग फोन करून विचारायचं काय?

नागपूरच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न झालं. मी जाऊ शकले नाही, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं स्टेटसवर पाहून झालं होतं, पंगतीतल्या मठ्ठ्यासकट. नंतर फोन केला.
"छान झालं ना गं लग्न?"
"हो ना. फोटो पाहिलेस ना?"
"पाहिले."
झालं, संपलं. दोघींनाही पुढे काय बोलावं कळेना. व्याही बरे आहेत, हॉल महाग होता, असं काहीबाही चाललं. ठेवते म्हणणार एवढ्यात ती म्हणाली, "आदल्या रात्री यांचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं होतं, माहितीये? मी मेंदी लावलेल्या हातांनी गच्चीत जाऊन बसले होते." मग आम्ही बराच वेळ बोललो. हे कुठल्या स्टेटसवर येणार होतं?

दुसरं, सांत्वन. ग्रुपमध्ये कोणाचे वडील गेल्याचं कळलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. पहिलीने लिहिलेलं दुसरी चिकटवते, तिसरीपासून नुसते जोडलेले हात. ज्या घरात माणूस गेलंय तिथला फोन दिवसभर टुणटुणत राहतो आणि प्रत्यक्ष बोललेलं कोणीच नसतं. वाढदिवसाला मेसेज चालेल, पण कोणी गेलं असेल किंवा आजारी असेल तर फोन करावाच, असं माझं ठाम मत आहे. (दहा दिवसांनी केला तरी चालेल. उलट तेव्हाच जास्त गरज असते.)

तुम्ही काय करता? आणि करण्याआधी 'फोन करू का?' असं विचारता का?

चहाबाज

न विचारता फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री दहानंतर घरच्यांचा नंबर दिसला की पहिला विचार 'कोण गेलं?' दिवसा अनोळखी नंबर दिसला की पर्सनल लोन. त्यामुळे मी आधी 'बोलायचंय, मोकळा कधी आहेस?' असं टाकतो. कोणाकडे जाताना आपण आधी कळवतोच की. यात परकेपणा कसला?

वैनगंगा (भंडारा)

कळवून जाता तुम्ही पुण्याचे लोक! :) आमच्याकडे अजून कोणी कळवत नाही आणि फोन करायला परवानगी मागत नाही. माझा तुमसरचा दोस्त जवळपास रोज फोन करते. "काय करून राहिला बे?" "काही नाही, बसलो." "जेवला काय?" "हो." "बरं, ठेवतो." बस्स. यात बातमी कुठे आहे? निळी_शाईताई, निमित्त शोधायची सवय लागली तिथेच गडबड झाली असं मला वाटते.

पैशाचं म्हणाल तर आम्ही मिस्ड कॉलवर वाढलेले लोक. २००३ पर्यंत मोबाइलवर आलेल्या कॉललाही पैसे पडत होते. इनकमिंग फुकट झाल्यावर आमचं गणित ठरलं: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे टपरीवर ये, आणि वाजतच राहिला तर उचल, काम आहे. २०१६ मध्ये जिओ आलं आणि बोलायचे पैसेच उरले नाहीत, रिचार्ज मारतो तो डेट्यासाठी. म्हणजे पाच रुपये जपून वापरायचो तेव्हा फोन करायचो, आणि फुकट झाल्यावर बंद केला. हे काही मले समजून नाही राहिलं.

पाटीवरचा_पेरू

'मले समजून नाही राहिलं' ला +१.

जुना_बूथवाला (कराड)

मंडळी, माझा एस.टी. स्टँडसमोर एसटीडी-आयएसडी-पीसीओ होता, म्हणजे पैसे देऊन बाहेरगावी फोन लावायचा बूथ. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, आत एक स्टूल. 'तेव्हा लोक एकमेकांशी बोलायचे' असं जो म्हणतो त्याला एक संध्याकाळ त्या केबिनबाहेर उभा करायला हवा होता.

गिऱ्हाइकाची नजर समोरच्या माणसाच्या बोलण्यावर नसे, मीटरवरच्या लाल आकड्यांवर असे. आकडा पळायला लागला की वाक्यं तुटायची. "हां, बरा आहे, पैसे मिळाले, ठेवतो." पावती फाडून हातात दिली की हिशेब पुन्हा तपासायचे. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून साडेदहापासून रांग. रांगेत कोण? सुट्टीवरून परत गेलेल्या जवानाची बायको, आखातातल्या मुलाची आई, द्राक्षाचा भाव विचारणारा व्यापारी. मित्राशी नुसत्या गप्पा मारायला आलेला माणूस मी क्वचितच पाहिला. मित्राला १५ पैशांचं पोस्टकार्ड जायचं, तेही बायकोने आठवण केली तर.

त्याआधी ट्रंक कॉल, म्हणजे एक्स्चेंजमध्ये नोंदवून ऑपरेटरकडून जोडून घ्यायचा बाहेरगावचा फोन. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन प्रकार. ऑर्डिनरी लावला तर सकाळी नोंदवून दुपारपर्यंत वाट बघायची. घरी फोन नसलेला माणूस शेजाऱ्याचा नंबर 'पीपी' म्हणून द्यायचा, म्हणजे बोलताना शेजारचं अख्खं घर कान देऊन. मैत्रीतली गुपितं तिथे कसली बोलणार?

२००६ मध्ये बीएसएनएलने देशभर कुठेही एक रुपया मिनिट केलं आणि माझा बूथ बसला. माझ्या मते मित्राला सहज फोन करणं हे त्या सुमारास जे सुरू झालं ते व्हॉट्सॲप येईपर्यंत. दहा वर्षंही धड नाहीत. त्याला 'जुना काळ' म्हणू नका, त्याच्यात मी देशोधडीला लागलो.

निळी_शाई

काका, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी आहे. 'पूर्वी निमित्त असायचं' हे मी लिहिलं ते खरंच आमच्या लँडलाइनच्या घरापुरतं आहे. सगळ्यांचं 'पूर्वी' एकच नव्हतं.

वेलदोडा (सॅन होजे)

बूथवाले काका, तुमच्या केबिनच्या दुसऱ्या टोकाला आम्ही होतो. :) २००० च्या आसपास इथल्या देसी दुकानात कॉलिंग कार्डं मिळायची. चंदेरी पट्टी खरवडायची, आधी टोल-फ्री नंबर, मग लांबलचक पिन, मग भारताचा नंबर. मध्येच चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कार्डावर छापलेली मिनिटं कधीच पूर्ण मिळायची नाहीत.

मग ऑर्कुट नावाची सोशल साइट आली. २००४ पासून ते ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने बंद करेपर्यंत ती चालली. आता लोक हसतात तिला, पण शाळेतली माणसं मला तिथेच परत सापडली. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली शोधायला शाळेच्या नावाची कम्युनिटी हाच मार्ग होता. स्क्रॅपबुक, म्हणजे एकमेकांना निरोप लिहायचं पान, सगळ्यांना उघडं असायचं आणि तरी लोक तिथे काय काय लिहायचे! बंद होताना डाउनलोड करायची सोय दिली होती, मी घेतलं उतरवून. परवा चाळत होते. निम्मे स्क्रॅप 'अगं तुझा नंबर दे ना' एवढेच आहेत. म्हणजे तेव्हा सोशल मीडियाचा उपयोग फोनपर्यंत पोचायला व्हायचा. आता नंबर आहे, फोन नाही.

आमच्याकडे भारताशी उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेरा. माझी शनिवारची रात्र साडेआठ म्हणजे पुण्याचा रविवार सकाळी नऊ. इतक्या अंतरावर 'सहज' फोन होतच नाही, ठरवावाच लागतो. त्यामुळे आधी मेसेज करण्याबद्दल चहाबाज यांच्याशी सहमत. तो नसेल तर मी कोणालातरी झोपेतून उठवेन.

शेवटचा_बाक (ठाणे, वय २३)

सगळे पन्नाशीचे दिसताय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझा जवळचा मित्र मला दिवसातून चार-पाच रील पाठवतो. त्यावर काही लिहीत नाही. मीही नुसतं हसून सोडतो. तुम्हाला ते फालतू वाटेल, पण त्या रीलमध्ये आमच्या ट्यूशनच्या सरांसारखा बोलणारा माणूस असतो, किंवा आम्ही जिथे पावसात अडकलो होतो तसला घाट असतो. ते बघून त्याला मी आठवलो, एवढं मला कळतं. दिवसाकाठी इतक्यांदा आठवण काढणारं दुसरं कोण आहे मला?

आणि आमची पिढी बोलत नाही हे साफ खोटं. आम्ही तीन-तीन तास कॉलवर असतो. गेम खेळताना, असाइनमेंट करताना कॉल चालू ठेवून आपापलं काम करायचं. मध्येच कोणीतरी बोलतं, मध्येच सगळे गप्प. घरचे विचारतात, 'कोणाशी बोलतोयस?' कोणाशीच नाही, सगळे आहेत फक्त. नकोसा वाटतो तो 'फोन वाजला, उचल आणि आता बोल' हा प्रकार.

सांत्वनाला फोन करायचा तर मला खरंच कळत नाही काय बोलायचं. 'काय झालं होतं?' विचारून पुन्हा सगळं सांगायला लावणं क्रूर वाटतं. त्यापेक्षा 'मी आहे, वाटेल तेव्हा फोन कर' असा मेसेज बरा नाही का?

निळी_शाई

@शेवटचा_बाक, कॉल चालू ठेवून गप्प बसणं हे मला फार आवडलं. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तेच करायचो.

पण शेवटचं पटलं नाही. 'वाटेल तेव्हा फोन कर' म्हणजे पहिलं पाऊल त्या दुःखातल्या माणसाने टाकायचं. तो नाही टाकत. आणि बोलायला काही लागत नाही रे. 'कळलं मला' म्हटलं की पुढचं तिकडून येतं. नाही आलं तर 'जेवलास का?' विचारायचं. वैनगंगा यांचा दोस्त रोज विचारतो तेच.

पाटीवरचा_पेरू

थोडं अभ्यासाचं. २०२१ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघा संशोधकांचा एक लेख आला होता. त्यात लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितलं, काहींना फोनवर, काहींना ईमेलने. कोणी काय करायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. आधी विचारलं तेव्हा लोकांचा अंदाज असा की फोनवर अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात फोनवाल्यांना जवळीक जास्त वाटली, आणि अवघडलेपण ईमेलवाल्यांपेक्षा काही जास्त नव्हतं. म्हणजे आपली भीती फोनची नसते, फोन करण्याआधीच्या त्या अर्ध्या मिनिटाची असते.

दुसरं म्हणजे रॉबिन डनबारचा १५० चा आकडा. माणूस साधारण दीडशे जणांशी खरे संबंध ठेवू शकतो, असं हा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून सांगतोय. आकड्यावर वाद आहेत. मला त्यातली आतली वर्तुळं महत्त्वाची वाटतात: अगदी जवळचे पाचेक, त्याबाहेर पंधराएक. हॉस्टेलच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना फोन करणं शक्यच नाही आणि करायची गरजही नाही. त्यातल्या दोघी-तिघी कोण, एवढं ओळखलं की पुरे. बाकीच्यांसाठी गणपतीचा फोटो ठीक आहे.

अवांतर: त्याच डनबारच्या एका अभ्यासात असंही आलं होतं की दूर गेल्यावर मुलींची मैत्री बोलण्याने टिकते आणि मुलांची एकत्र काहीतरी केल्याने. शेवटचा_बाक यांचे तीन तासांचे गेम त्यात बसतात.

चहाबाज

अमेरिकेतल्या लोकांवरचा प्रयोग भंडाऱ्याला लावू नका. तिथे अर्ध्या मिनिटाची भीतीच नाहीये.

पाटीवरचा_पेरू

मान्य. पण तुम्हाला लागू आहे. :)

दोन_यंत्रं

इतके प्रतिसाद वाचून शेवटी लिहितेय. फोन म्हणजे खरी जवळीक आणि मेसेज म्हणजे कामचलाऊ, असं धाग्यात जवळजवळ सगळ्यांनी धरून चाललंय. मला ते सोसत नाही.

तिशीत माझं ऐकू येणं कमी होत गेलं. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. समोर बसलेल्या माणसाशी मी बरं बोलते, ओठ दिसतात. पण फोन? साध्या फोनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स, श, फ यांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो. तुमचा मेंदू गाळलेल्या जागा भरतो, माझ्याकडे त्या रिकाम्याच राहतात. मैत्रीण 'साठ' म्हणाली की 'आठ', हे मला कळत नाही. दुकानदाराच्या बाबतीत ते चालून जातं. मैत्रीण रडत रडत काहीतरी सांगतेय आणि आपण तिसऱ्यांदा 'काय?' विचारतोय, हे चालत नाही. मी फोन उचलायचे बंद केले. लोकांना वाटलं शिष्ट झाली.

मला माझ्या मैत्रिणी एसेमेसने परत दिल्या आणि व्हॉट्सॲपने टिकवल्या. लिहिताना मी कोणाहून कमी नसते. माझ्या वडिलांच्या वेळी मला एकही फोन नको होता. एका मैत्रिणीने रात्री दोन वाजता पानभर लिहिलं, बाबा तिला सायकल कशी शिकवायचे त्याबद्दल. ते मी अजून काढून वाचते. फोनवर बोललं असतं तर हवेत विरून गेलं असतं.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी तर व्हिडिओ कॉल म्हणजे पहिल्यांदाच मिळालेला खरा फोन. लोकलमध्ये एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने खुणांनी गप्पा मारणारी मुलं-मुली पाहिली असतील तुम्ही.

तेव्हा 'फोन करावाच' हा नियम करू नका. त्या माणसाला काय ऐकू येतं, काय झेपतं, हे आधी माहीत करून घ्या.

निळी_शाई

पूर्ण पटलं. 'फोन करावाच' मधला 'च' काढून टाकते. माझा राग मुळात त्या चिकटवलेल्या श्रद्धांजलीवर होता. तुमच्या मैत्रिणीचं रात्री दोनचं पत्र त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला आहे, मग ते व्हॉट्सॲपवर का असेना.

तिरफळ (दुबई)

आमच्याकडे हा वाद सरकारनेच मिटवलाय. व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, फोटो जातात, पण कॉल लागत नाही. त्यासाठी बोटिम नावाचं वेगळं ॲप घ्यावं लागतं, आणि समोरच्याकडेही ते असावं लागतं. घरच्यांच्या फोनमध्ये सुट्टीत येऊन मी स्वतः टाकून दिलं. मित्रांना कोण सांगत बसणार? त्यामुळे मित्र व्हॉइस नोटवर आले.

आणि खरं सांगतो, व्हॉइस नोट सगळ्यात बेस्ट. रत्नागिरीचा मित्र बोटीवरून उतरल्यावर लांबलचक नोट पाठवतो. मागे लिलावाचा गलका, कोणीतरी बर्फ फोडतोय, हा मध्येच "रे थांब जरा" म्हणून दुसऱ्याच कोणाशी भांडतो आणि परत येतो. मी संध्याकाळी भात टाकताना ऐकतो. ते आवाज फोटोत येत नाहीत आणि धड फोनवरही येत नाहीत, कारण फोनवर माणूस गलक्यापासून लांब जाऊन बोलतो.

चहाबाज

व्हॉइस नोट हा प्रकार पाठवणाऱ्याच्या सोयीचा. ऑफिसात बसून सात मिनिटांची नोट कशी ऐकायची? मी दुप्पट वेगाने ऐकतो, सगळे मित्र चिपमंक वाटतात.

तिरफळ (दुबई)

मग घरी जाऊन ऐका. घाई कोणाला आहे?

दोन_यंत्रं

व्हॉइस नोट पाठवणाऱ्यांनी खाली एक ओळ लिहा हो, विषय काय आहे त्याची. निदान कोणी दवाखान्यात आहे की मासे स्वस्त झालेत, एवढं तरी कळू दे.

तिरफळ (दुबई)

हे मात्र ताबडतोब करतो. डोक्यातच आलं नव्हतं.

वेलदोडा (सॅन होजे)

@दोन_यंत्रं, माझ्या सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं आणि त्या फोन टाळतात, फक्त 'सगळं ठीक' म्हणून ठेवतात. मी आत्तापर्यंत समजत होते की त्यांना माझ्याशी बोलायचं नसतं. त्यांच्यासाठी काही सोय आहे का? टायपिंग त्यांना जमत नाही.

दोन_यंत्रं

आहे. आधी साधा कॉल सोडून व्हिडिओ कॉल करा. चेहरा उजेडात ठेवा, खिडकीकडे पाठ करून बसू नका, ओठ काळे दिसतात. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये आवाजाचा पट्टाही रुंद असतो, फरक पडतो.

शिवाय गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब म्हणून ॲप आहे, मराठी चालतं. मी व्हिडिओ कॉल टॅबवर स्पीकरवर घेते आणि फोन शेजारी ठेवते, बोललेलं त्याच्यावर उमटत जातं. अक्षरं मोठी करता येतात. विशेषनामं मात्र हमखास चुकतात. त्यांना ते आधी सांगून ठेवा, नाहीतर घरात कोण आलंय याबद्दल भलतेच गैरसमज होतील.

वेलदोडा (सॅन होजे)

येत्या रविवारी नणंदेला त्यांच्याकडे बसवून करून बघते. अडलं तर इथेच विचारेन.

जुना_बूथवाला (कराड)

ते ॲपचं नाव मराठीत नीट लिहून ठेवा कोणीतरी, मलाही हवंय. घरात कोणाला विचारलं तर म्हणतात, 'बाबा, तुम्हाला नीट ऐकू येतंय.' येत नाही.